बघ्यांमध्ये मीही उभी होते

पत्र :

"मी ६८ वर्षांची. सुदामा नगरात एकटी राहते. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा, सून, नात बंगळुरूला. दिवाळीत मुलाने टॅब्लेट आणला. नातीशी बोलता येईल, पोथी मोठ्या अक्षरात वाचता येईल, म्हणाला. दोन दिवस शिकवलं आणि गेला. तो गेल्यावर माझ्याच्याने काही होईना. एक उघडायला जावं तर दुसरंच उघडतं, चित्रं जागची हलतात, पान मध्येच आडवं होतं. म्हणून एक दिवस तो पिशवीत घालून फूटी कोठीकडे मोबाइलच्या दुकानात निघाले.

चौकाच्या अलीकडे एका कारने स्कूटीवरच्या मुलीला धक्का दिला. कार थांबली नाही. मुलगी असेल विशी-बाविशीची. पाय स्कूटीखाली अडकलेला. पंधरा-वीस जण जमले, त्यातले अर्धे मोबाइल वर धरून. ती सारखी म्हणत होती, 'मम्मी को फोन लगा दो.' मी अगदी समोर उभी होते. माझ्या पर्समध्ये साधा बटणांचा फोन असतो, तो काढावा हेही सुचलं नाही. मनात एकच, कोणीतरी करेल. सात-आठ मिनिटांनी एक रिक्षावाला आला, त्याने स्कूटी उचलली, तिला रिक्षात घातलं आणि गेला. मी दुकानात न जाता घरी परतले.

त्याला महिना झाला. टॅब्लेट कपाटात आहे. तो दिसला की ती मुलगी दिसते. मुलगा फोनवर विचारतो, आई, टॅब लावतेस ना? मी हो म्हणते. आपलं इंदूर असं नव्हतं हो. माणसं अशी कशी झाली? आणि मी अशी कशी झाले?"

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दिवसभर बाजूला ठेवलं. "मम्मी को फोन लगा दो" या वाक्यापुढे मला लगेच काही लिहिता येईना. ती मुलगी आता कशी आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही, आणि बहुधा कधी कळणारही नाही. तेव्हा "जाऊ द्या, विसरून जा" असं मी म्हणणार नाही. तुम्हाला लागलेली टोचणी खरी आहे. पण तिच्यावरून तुम्ही स्वतःबद्दल जे ठरवून टाकलंय, की आपलं काळीज दगडाचं झालं, ते खरं नाही.

हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. बघ्यांच्या गर्दीत माणूस का थिजतो याचा अभ्यास गेली साठ-एक वर्षं चालू आहे. त्याची सुरुवात न्यूयॉर्कमधल्या एका खुनापासून झाली. १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जेनोविज नावाची २८ वर्षांची तरुणी कामावरून घरी परतत होती. घराजवळच तिच्यावर चाकूने हल्ला झाला. दोन आठवड्यांनी एका मोठ्या वर्तमानपत्रात बातमी आली की जवळजवळ चाळीस शेजारी खिडकीतून बघत राहिले आणि कोणी हललं नाही. जग हादरलं. शहरातली माणसं मेली, असं सगळीकडे लिहून आलं. तुम्ही जे विचारताय तेच तेव्हा सगळे विचारत होते. पुढे कळलं की ती बातमी फुगवलेली होती. पुष्कळांना नीट दिसलंच नव्हतं, काहींना नवराबायकोचं भांडण वाटलं होतं, आणि एक शेजारीण तर जिना उतरून धावत गेली होती. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने किटीला मिठीत धरून ठेवलं. ही शेजारीण त्या बातमीत नव्हती. तिच्यामुळे ही हकीकत मला नेहमी वेगळी वाटते.

पण बातमी वाचून दोन मानसशास्त्रज्ञ कामाला लागले, जॉन डार्ली आणि बिब लातने. त्यांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला झटका येतो, तो अडखळत मदत मागतो. हे नाटक होतं, ऐकणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ज्यांना वाटत होतं की हे फक्त आपणच ऐकतोय, त्यांच्यातले ८५ टक्के त्याचं बोलणं तुटायच्या आत मदतीला उठले. ज्यांना वाटत होतं की आणखी चौघं ऐकताहेत, त्यांच्यातले ३१ टक्केच उठले.

आता यातली एक गोष्ट तुमच्यासाठी. जे उठले नाहीत, त्यांच्या खोलीत प्रयोग घेणारा गेला तेव्हा ते निवांत बसलेले नव्हते. अनेकांचे हात थरथरत होते, तळवे घामाने ओले होते. "तो ठीक आहे ना?" असं ते विचारत होते. उठावं की नाही हे त्यांचं ठरतच नव्हतं. ताई, ज्याला कळवळा नाही त्याचे तळवे ओले होत नाहीत, आणि तो महिनाभर कपाट टाळत फिरत नाही.

त्या चौकात काय झालं असेल? तुम्ही शेजारच्याकडे पाहिलं, त्याने तुमच्याकडे. तुम्ही आतून हादरलेल्या, चेहरा मात्र गप्प. त्याला वाटलं, या बाई शांत आहेत म्हणजे कोणीतरी फोन केलेला दिसतो. तुम्हालाही त्याच्याबद्दल तेच वाटलं. वीस माणसं एकमेकांच्या घाबरलेल्या चेहऱ्यांना शांत चेहरे समजत उभी. शिवाय वीस जणांत जबाबदारीही वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला विसावा हिस्सा येतो, आणि विसाव्या हिश्श्यासाठी कोणाचा हात खिशाकडे जात नाही.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझे वडील मधुमेही होते. फेब्रुवारीतली संध्याकाळ, थंडी अजून पुरती गेली नव्हती. इन्शुलिन घेऊन बाहेर पडलेले, खायला उशीर झाला, आणि बस स्टँडबाहेर भिंतीला टेकून बसले ते तसेच कलंडले. दाढी वाढलेली, जीभ जड झालेली. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. सगळ्यांनी एकच अर्थ लावला, पिऊन पडलाय. समोर उसाच्या रसाची चरखी होती. ती चालवणारा मुलगा पंचविशीचा. थंडीत या म्हाताऱ्याचा सदरा घामाने पाठीला चिकटलाय, हे त्याला दिसलं. तो येऊन समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबूजी, शुगर है क्या?" बाबांनी मान हलवली. शुद्ध आहे, गिळता येतंय, एवढं बघून त्याने घोट घोट रस पाजला. दहा-पंधरा मिनिटांत बाबा घरचा पत्ता सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेले. हात जोडले तर तो संकोचला. म्हणाला, "दीदी, मेरी माँ को भी है. हमारे घर में तो ये रोज़ का है."

त्याचं ते "रोज़ का है" माझ्या मनातून गेलेलं नाही. वळसा घालून गेलेली माणसं त्याच्यापेक्षा वाईट होती असं मला आजही वाटत नाही. घाम आणि जड जीभ म्हणजे काय हे त्याला घरात बघून बघून ठाऊक होतं, आणि काय करायचं ते हाताला माहीत होतं. म्हणून तो गर्दीतून सुटा झाला.

"आपलं इंदूर असं नव्हतं," असं तुम्ही लिहिलंत. माझं लहानपण रामबागेतल्या वाड्यात गेलं. जिन्यावरून पोर गडगडलं की तीन घरांतून हळद यायची. पण ते पोर कोणाचं हे तिन्ही घरांना माहीत होतं. अनोळखी माणसासाठी तेव्हाचं इंदूर किती धावत होतं याची खात्री मी देणार नाही. उलट दुसरी एक गोष्ट आठवा. २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात आपला पहिला नंबर आला, त्याच्या आधीचे रस्ते. तेव्हा चिवड्याचा कागद रस्त्यावर टाकणाऱ्याला कोणी बोलायचं? ज्याचं त्याने बघावं. आणि आज छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत कोणी प्लेट खाली टाकली तर शेजारचा अनोळखी माणूस म्हणतो, "भिया, डस्टबिन उधर है." टाकणाराही निमूट उचलतो. तीच माणसं, तेच चौक. काय बोलायचं हे ठाऊक झालं, आणि आपण बोललो तर बाकीचे आपल्याच बाजूने असतील याचा भरवसा आला. कचऱ्यासाठी तोंड उघडायला शिकलेलं शहर जखमी पोरीसाठी शिकणार नाही असं मला वाटत नाही.

आणि माणसं मदतीला येतच नाहीत, हेही पूर्ण खरं नाही. २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲम्स्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं आणि मारामाऱ्यांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, २१९ प्रसंग. दहातल्या नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेलं होतं. जितके लोक जास्त, तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. तुमच्या चौकातही तो रिक्षावाला आलाच की. अडचण त्याच्या आधीच्या सात-आठ मिनिटांची आहे. डोक्याला मार असेल, आत रक्तस्राव असेल, तर तेवढ्या मिनिटांत बरंच बिघडू शकतं.

आता एक भीती, जी पत्रात तुम्ही लिहिली नाही पण आपल्या पिढीच्या हाडात बसली आहे. पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार? ती भीती उगाच नव्हती. अपघाताची केस म्हणून जखमीला एका दवाखान्याने परत पाठवायचं, दुसऱ्याने आधी कागद मागायचे, असं होत असे. एका स्कूटरस्वाराचा असाच वाटेत जीव गेला, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात न्यायालयाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी उपचार, कागद नंतर. मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१६ मध्ये न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करताना तुमच्या हातून काही कमीजास्त झालं तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी दावा चालत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, पैसे भरा म्हणू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही ही तुमची मर्जी. बिलाची धास्तीही आता कमी झाली आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. हे सगळं मी सविस्तर लिहितेय, कारण तुम्ही ते चार जणींना सांगाल. भिशीत सांगा, भजनाला गेल्यावर सांगा. १९७८ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की बघ्यांच्या थिजण्याबद्दल आधी ऐकलेली माणसं मदतीला जास्त पुढे येतात. म्हणजे नुसतं माहीत असण्यानेही फरक पडतो.

तुम्ही ६८ वर्षांच्या, गुडघेही दुखत असणार. स्कूटी तुम्हाला उचलायची नव्हती. तुमच्याकडे आवाज होता, तोच वापरायचा. गर्दीला उद्देशून "अरे, कोणीतरी फोन करा" म्हटलं की पुन्हा तेच होतं, कोणीतरी म्हणजे कोणीच नाही. एका माणसाकडे बोट करायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं. "नीली शर्ट वाले भैया, आप १०८ लगाओ, और लगते ही मुझे बताओ." एवढंच. त्या क्षणी तो बघ्या राहत नाही, त्याच्याकडे काम येतं. आणि हो, मोबाइल वर धरलेल्यांचा मलाही संताप येतो, पण त्यांच्याशी भांडण्यात मिनिटं घालवू नका. फोन हातात तयार असलेला माणूस तोच. "वीडियो बंद करो बेटा, १०८ लगाओ." आपल्या वयाच्या बाईने असं म्हटलं की इंदूरचा मुलगा ऐकतो, हे मी स्वतः पाहिलंय. दुसऱ्याला सांगा, मागे उभं राहून हात दाखवून गाड्या थांबव. तिसऱ्याला, स्कूटीची किल्ली बंद कर. मग खाली बसता येत असेल तर त्या पोरीजवळ बसा, तिचा हात धरा आणि विचारा, "बेटा, मम्मी का नंबर बोलो." ती शुद्धीवर होती, तिने नंबर सांगितला असता. तुमच्या साध्या फोनवर तो लागला असता. हे वाचताना तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण पुढच्या वेळी नेमकं हेच आठवायला हवं.

काय करू नये तेही ऐका. नीट शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. मानेला किंवा पाठीला मार असेल तर ओढाताण नको, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हलवायचं नाही. हेल्मेट खेचून काढू नका, श्वासच अडकत असेल तर गोष्ट वेगळी. रक्त वाहत असेल तर ओढणी किंवा रुमाल घडी करून जखमेवर दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

दोन फोन नंबर लक्षात ठेवा. ॲम्ब्युलन्सला १०८, आणि काहीच सुचलं नाही तर ११२, तिथून पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, सगळीकडे निरोप जातो. किटीच्या वेळी अमेरिकेतही असा एक नंबर नव्हता, त्यांचा ९११ आला १९६८ मध्ये. आपल्याकडे २०१७ पासूनच्या साध्या फोनांत ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की आणीबाणीचा फोन जावा असा नियम आहे. तुमच्या फोनात आहे का ते दुकानदाराला विचारा. त्यावर विसंबू मात्र नका, सरळ ११२ दाबता यायला हवं. पर्समध्ये एका चिठ्ठीवर तुमचं नाव, रक्तगट, चालू औषधं आणि मुलाचा नंबर लिहून ठेवा. कधी तुम्हीच खाली पडलात तर कोणीतरी पर्स उघडेल.

आता टॅब्लेट. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्यात, आणि मला त्या एकाच ठिकाणी अडकलेल्या दिसतात. बोट पडद्याच्या वर अधांतरी थांबतं आणि मनात येतं, काही चुकलं तर? चौकातही पाय तिथेच थांबले. चौकात चुकलं तर काय, याचं उत्तर कायद्याने दिलंय. टॅब्लेटचं उत्तर मी देते. कुठलंही चित्र दाबून तो बिघडत नाही. नातीचे फोटो पुसायचे झाले तरी आधी तो तुम्हाला विचारतो. मात्र जिथे पैसे, ओटीपी किंवा बँकेचं नाव येईल तिथे काही भरू नका, अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नका, आणि कोणी पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओवर धमकावलं तर सरळ बंद करून १९३० वर सायबर तक्रार करा. बाकी सगळीकडे बिनधास्त बोट फिरवा.

तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं साधी आहेत. तुमचा टॅब्लेट अँड्रॉइडचा आहे असं धरते, बहुतेकांचा तोच असतो, फक्त कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे. चित्रं जागची हलतात, कारण बोट जरा जास्त वेळ टेकतंय. आपण जुन्या रेडिओचं, मिक्सरचं बटण दाबणाऱ्या, जोर देऊन दाबतो. त्याला वाटतं, हिला हे चित्र उचलून दुसरीकडे ठेवायचंय. दाराच्या कडीला लागलेली हळद बोटाने टिपावी, तेवढंच टेकवायचं आणि उचलायचं. तरी हात थरथरत असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आहे, त्यात टच अँड होल्डचा वेळ वाढवता येतो. पान आडवं होतं ते ऑटो रोटेटमुळे. वरून खाली बोट ओढलं की एक पट्टी उतरते, त्यात ते बंद होतं. आणि एक उघडायला जावं तर दुसरंच उघडतं, त्यात बहुतेक वेळा टॅब्लेट धरलेल्या डाव्या हाताचा अंगठा पडद्याच्या कडेला लागत असतो. पाटावर पोथी ठेवतो तसा तो टेबलावर ठेवा आणि एकाच बोटाने चालवा.

आणखी एक. कधी कधी बोट लावूनही काही होत नाही, मग आपण चिडून चार वेळा दाबतो आणि चारही एकदम उघडतं. हा पडदा दाबाने चालत नाही. बोटातून जाणारा अगदी बारीक विद्युतभार त्याला कळतो, आणि वयाने बोटांची टोकं कोरडी पडली की तो नीट कळत नाही. हाताला थोडं क्रीम चोळून पुसून घ्या. मी हे माझ्या सासूबाईंच्या बोटांवर करून पाहिलंय, ८१ व्या वर्षी त्यांची चिडचिड अर्धी झाली.

मुलाला दोन गोष्टी करून द्यायला सांगा, फोनवरूनही होतील. पहिली, खाली तीन बटणांची पट्टी लावून घ्या. नव्या टॅब्लेटवर ती कधी कधी नसते, बोट घासून मागे-पुढे जावं लागतं, आणि आपल्या वयाची माणसं तिथेच हरवतात. तीन बटणं दिसली की गोल दाबून कुठूनही घरी येता येतं. घराचा रस्ता माहीत असला की माणूस अनोळखी गल्लीतही शिरतो. दुसरी, मराठी कीबोर्ड. जीबोर्ड म्हणजे गूगलचा कीबोर्ड, त्यात मराठी हस्ताक्षर निवडलं की पडद्यावर बोटाने लिहिता येतं, पाटीवर लिहायचो तसं, आणि त्याची आपोआप छापील अक्षरं होतात. अक्षरांचा आकार वाढवणं डिस्प्लेमध्ये आहे, ते तुम्हीच शोधा. सापडेल, आणि शोधताना बाकीचं दहा ठिकाणचं ओळखीचं होईल.

शेजारचा कोणी शिकवायला आला तर त्याला प्रेमाने सांगा, हात मागे बांधून तोंडाने सांग. मुलं टॅब्लेट हातात घेतात, झरझर चार गोष्टी करतात आणि "हे बघ, झालं" म्हणून परत देतात. त्यांचं होतं, आपल्या बोटांना काही कळत नाही. तुमच्या मुलाचे दिवाळीतले दोन दिवस असेच गेले असणार. रोज सकाळी चहानंतर पंधरा मिनिटं, आठवड्यात एकच गोष्ट. पहिला आठवडा फक्त उघडणं, गोल दाबून घरी येणं, बंद करणं. दुसऱ्यात नातीला व्हिडिओ कॉल. वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा, "हिरवं चित्र, मग कॅमेऱ्याची खूण". पुस्तकातली नावं नकोत.

एक मात्र स्पष्ट सांगते. टॅब्लेटमध्ये सिमकार्ड नसेल, फक्त घरच्या वायफायवर चालत असेल, तर त्यावरून १०८ किंवा ११२ लागत नाही. त्या दिवशी पिशवीतला टॅब्लेट त्या मुलीच्या काहीच उपयोगाचा नव्हता. त्याच्यावर राग काढू नका, त्याला कपाटातून बाहेर येऊ द्या. आणि तो शिकलात तरी बाहेर जाताना पर्समध्ये साधा फोन राहू द्या, वरच्या कप्प्यात, चार्ज केलेला.

शेवटचं थोडं अवघड आहे. मुलाला खरं सांगा. टॅब लावते म्हणून रोज "हो" म्हणणं हेही त्या गर्दीतल्यासारखंच आहे, आतून हादरलेलं आणि चेहऱ्यावर शांत. पहिला व्हिडिओ कॉल लागला की नात बोलून झाल्यावर त्याला म्हणा, थांब रे, मला काही सांगायचंय, आणि चौकातलं सगळं सांगा. तो घाबरेल, कदाचित रागावेल की इतके दिवस का नाही बोललीस. रागावू द्या.

मग सवड झाली की मला एक पत्र टॅब्लेटवर बोटाने लिहून पाठवा. दोनच ओळी असल्या तरी चालतील. त्या मुलीच्या जागी उद्या दुसरं कोणी असेल तर कोणाकडे बोट करून काय म्हणाल, ते हिंदीतलं वाक्य त्यात लिहा, तुमच्या शब्दांत. पाठवण्याआधी घरात एकदा मोठ्याने म्हणून बघा.